फुल रेंज, पण नेट ढिम्म: घोडबंदरच्या सोसायटीने आता फायबरवर खर्च करावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात कासारवडवलीच्या पुढे तुमची सोसायटी, घर पंचविसाव्या मजल्यावर. फोनवर ५जीच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावला की चित्र गोठतं. कमिटीपुढे दोन प्रस्ताव आहेत: सगळ्या विंगमध्ये फायबरसाठी डक्ट (केबल ओढायचे पाइप) करून घ्यायचे, आणि इमारतीच्या आत-बाहेर मोबाइलचे अँटेना बसवू द्यायचे. सभेत एक गट म्हणतो, "६जी येतंय, सॅटेलाइट येतंय, दोन-तीन वर्षांत सगळं हवेतूनच मिळणार, मग वायरवर पैसे कशाला घालायचे?" जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की मुरबाडकडच्या गावच्या घरी सॅटेलाइटची डिश घ्यावी का.

मी मोबाइल नेटवर्कचं रेडिओ प्लॅनिंग आणि ऑप्टिमायझेशन करतो. २जीच्या दिवसांपासून ठाणे आणि नवी मुंबई हाच माझा पट्टा. उत्तर आधीच सांगून टाकतो, सभेत तेवढंच लागेल: डक्ट नक्की करा. अँटेना बसवू द्या, पण अटी घालून. गावच्या घराचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी. तुमच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, काच कसली आहे, जवळच्या साइटला, म्हणजे मोबाइल टॉवरला, फायबर पोचलंय की नाही, हे मला इथून दिसत नाही. त्यावर तपशील बदलतील, पण डक्टबद्दलचं मत बदलेल असं वाटत नाही.

आधी काड्यांचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. काड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. आमच्या भाषेत आरएसआरपी. नेट किती पळेल हे ठरतं दुसऱ्या आकड्यावर, एसआयएनआरवर: हवा असलेला सिग्नल एकीकडे आणि बाकीचा सगळा कालवा दुसरीकडे, यांचं प्रमाण. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारचा कितीही मोठ्याने बोलला तरी चहूबाजूंनी तेवढ्याच आवाजात बोलणारी माणसं असली की शब्द कळत नाहीत, तशी उंच मजल्यावर फोनची गत होते.

ती का होते, ते सांगतो. शहरातल्या साइटचे अँटेना साधारण २५ ते ३५ मीटर उंचीवर असतात आणि जरा खाली झुकवलेले असतात. याला आम्ही टिल्ट म्हणतो. रस्त्यावरची माणसं आणि खालचे सात-आठ मजले डोळ्यांसमोर ठेवून ते लावलेले असतात. जुन्या ४जी पॅनेलचा उभा झोत जेमतेम सहा ते दहा अंशांचा. तुमचा मजला आहे पाऊणशे मीटरवर. म्हणजे सगळ्यात जवळच्या साइटचा मुख्य झोत तुमच्या पायाखालून निघून जातो आणि तुम्हाला मिळते त्याची उरलीसुरली बाजू. उलट खिडकीतून दूरदूरच्या साइट मात्र थेट दिसतात: कोलशेतच्या बाजूच्या, रस्त्यापलीकडच्या, आणि खाडी ओलांडून भिवंडीकडच्यासुद्धा. पाण्यावर सिग्नलला अडवायला काही नसतं. फोन यातल्या एकीला धरतो, मग सोडतो, मग दुसरीला धरतो, आणि बाकीच्या सगळ्या त्याच्या कानाशी बोलत राहतात. येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये हा गोंगाट कमी असतो. त्याच मजल्यावर, त्याच कंपनीचं सिम असून समोरच्यांचं नेट बरं चालतं ते यामुळे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक असेलच.

याची किंमत किती? अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेलं गणित आजही आमचा कायदा आहे. एसआयएनआर २० डेसिबल असेल, म्हणजे हवा असलेला सिग्नल कालव्याच्या शंभर पट असेल, तर एका हर्ट्झमधून सेकंदाला जास्तीत जास्त साडेसहा बिट काढता येतात. तोच शून्य डेसिबलवर आला, म्हणजे दोन्ही सारखेच झाले, की एकच बिट. काड्या जशाच्या तशा, वेग मात्र साडेसहा पटीने खाली. ५जीचे ३२ किंवा ६४ ट्रान्समीटरवाले नवे अँटेना झोत वरखालीही वळवू शकतात, त्यामुळे ४जीपेक्षा बरं आहे. पण घोडबंदरला उंच इमारतींची भिंतच उभी राहिली आहे. तिला एक-दोन सेक्टर (टॉवरचा एकेका दिशेचा भाग) पुरत नाहीत.

त्यात काचेची भर. उन्हाची धग थोपवण्यासाठी नव्या इमारतींत धातूचा पातळ थर दिलेली काच लावतात. ती सिग्नलही थोपवते, सहज २० ते ३० डेसिबल. म्हणजे शंभर ते हजार पटीने कमी. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: साइटवरचा ५जी रेडिओ दीडशे-दोनशे वॅटपर्यंत ताकद लावतो, तुमच्या हातातला फोन साधारण ०.२ वॅट. शिवाय ५जीच्या ३.३ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यात बहुतेक वेळ डाउनलोडसाठी राखलेला असतो, फोनला बोलायला थोडाच वेळ मिळतो. समोरच्याचा चेहरा तुम्हाला स्वच्छ दिसतो आणि तो म्हणतो "तुमचं चित्र अडकलंय", तेव्हा तक्रार अपलोडची आहे असं समजा. काड्या तुम्हाला याबद्दल काहीच सांगत नाहीत.

आता "सगळं हवेतूनच" या मुद्द्याकडे. २०२२च्या लिलावात जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बहुतेक सर्कलमध्ये (दूरसंचार विभागांत) १०० मेगाहर्ट्झ घेतले. तेवढ्यातून एका सेक्टरला, परिस्थिती चांगली असेल तर, सेकंदाला एक गिगाबिटच्या आसपास डेटा निघतो. हा सगळ्यांचा मिळून आहे, दरडोई नाही. समजा तुमच्या सोसायटीत चारशे घरं आहेत आणि रात्री नऊला दोनशे घरांत पाच मेगाबिटचा एचडी व्हिडिओ सुरू झाला. झाले १,००० मेगाबिट. एकट्या तुमच्या सोसायटीने अख्खा सेक्टर संपवला. शेजारच्या सोसायट्या आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रील बघत बसलेले हजारो लोक अजून हिशोबात आलेच नाहीत. याउलट घरोघरी येणाऱ्या साध्या, जीपॉन प्रकारच्या फायबरमध्ये एका धाग्यावर अडीच गिगाबिट असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. उद्या जास्त लागले तर काचेचा धागा तोच राहतो, दोन टोकांची उपकरणं बदलली की दहा गिगाबिट.

"पण तंत्रज्ञान सुधारेल ना?" सुधारेलच. वायरलेसची क्षमता वाढवायचे रस्ते तीनच: जास्त स्पेक्ट्रम (लहरींचे पट्टे), एका हर्ट्झमधून जास्त बिट, किंवा लहान सेल, म्हणजे एका अँटेनाने सांभाळायचा भाग लहान करणं. दुसऱ्या रस्त्यावर आता फारशी जागा उरलेली नाही. लहरीवर बिट चढवायच्या पद्धतीत २५६ क्वामवरून १०२४ क्वामवर गेलं की सिग्नल चौपट बारकाईने ओळखावा लागतो आणि हाती येतात फक्त २५ टक्के जास्त बिट. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून पहिला हातातला मोबाइल कॉल करणारे मार्टिन कूपर यांनी गेल्या काही दशकांच्या वाढीचा हिशोब मांडला होता. त्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला तोच स्पेक्ट्रम लहान लहान जागांत पुन्हा पुन्हा वापरण्याचा. आमचा अनुभवही तोच. सुरुवातीच्या काळात एक साइट कित्येक किलोमीटर सांभाळायची, आता दाट वस्तीत दोन-तीनशे मीटरवर दुसरी लागते.

आणि लहान सेल म्हटला की प्रत्येक सेलला फायबर आलंच. तुम्ही बघता तो व्हिडिओ बहुधा ऐरोली, रबाळे किंवा महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमधून निघतो, ठाण्यापर्यंत काचेच्या धाग्यातून येतो आणि शेवटचे तीन-चारशे मीटर तेवढे हवेतून जातो. पिढीगणिक तो हवेतला तुकडा आखूड होत चाललाय. जिथे साइटला फायबर नाही तिथे मायक्रोवेव्हच्या लिंकवर (टॉवर ते टॉवर रेडिओ जोडणीवर) भागवावं लागतं, आणि मग ५जीचा रेडिओ कितीही भारी असला तरी मागचा नळच बारीक. मेट्रोच्या, गटाराच्या नाहीतर रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटलं की एकाच वेळी पाच-सहा साइट आडव्या होतात, आणि लोक म्हणतात "टॉवर गेला". टॉवर उभाच असतो, जमिनीखालची वायर गेलेली असते. सभेतल्या त्या गटाला एवढंच सांगा की सगळं हवेतून द्यायचं असेल, तर तुमच्या जिन्यापर्यंत वायर आणावी लागेल.

६जीचं वेळापत्रकही बघून घ्या. ५जीची आंतरराष्ट्रीय चौकट आयटीयूने (संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने) २०१५ साली ठरवली आणि भारतात सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ला. सात वर्षं. ६जीची तशीच चौकट २०२३ साली आली. त्याच वर्षी आपल्या सरकारने भारत ६जीचा आराखडाही मांडला. जगभर व्यावसायिक सेवेची भाषा चाललीय ती २०३०च्या आसपासची. तेव्हा दोन-तीन वर्षांत हे काही होत नाही. आलं तरी ज्या नव्या पट्ट्यांची चर्चा आहे त्यातले बरेचसे सात गिगाहर्ट्झच्या वरचे आहेत. पट्टा जितका वरचा, तितका भिंतीत अडकणारा. ते पंचविसाव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पोचवायचं तर अँटेना इमारतीतच लागणार आणि त्याला फायबर लागणार. फिरून तोच डक्ट.

डक्टची बोलणी होईपर्यंत एअरफायबरसारखी, म्हणजे ५जी सिग्नलवर चालणारी घरगुती जोडणी घ्यायला माझी हरकत नाही. अँटेना बाहेर बसतो, म्हणून काचेचा त्रास वाचतो. पण क्षमता त्याच सेक्टरची खर्च होते, हे विसरू नका. पहिल्या दहा घरांना सुरेख चालेल. शंभराव्या घराने घेतल्यावर पहिली दहा तक्रार करतील.

सॅटेलाइटबद्दल खूप उत्साह आहे आणि तो निम्मा योग्य आहे. पूर्वीचे भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे "हॅलो"ला उत्तर यायला अर्धा सेकंद लागायचा. स्टारलिंकसारखे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, तो उशीर जाणवत नाही. भारतात त्यांना जून २०२५मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. पण उपग्रहाच्या एका झोताखाली कित्येक किलोमीटरचा पट्टा येतो. तुमची सोसायटी, अर्धं ठाणं आणि पलीकडची भिवंडी एकाच वाटपात. माणसं विरळ तिथे हा सौदा उत्तम, घोडबंदरला निरर्थक. शिवाय डिशला मोकळं आकाश लागतं. तुमच्या बाल्कनीतून आकाशाचा एक कोपरा दिसतो आणि उरलेलं समोरच्या बिल्डरने विकलंय. थेट फोनशी बोलणारे उपग्रहही येताहेत. पण फोनची ताकद तीच ०.२ वॅट आहे. माळशेज घाटात गाडी बंद पडली किंवा बोट समुद्रात असली तर मेसेज जाईल, आणि त्याने जीव वाचतील. घरात बसून सिनेमा बघायचं ते साधन नाही.

मुरबाडच्या घराचं बोलायचं तर तिथे मी सॅटेलाइटला नाही म्हणणार नाही. मात्र तो शेवटचा पर्याय ठेवा. आधी गावात दोन-तीन कंपन्यांची सिम घेऊन फिरा. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे टेकडीला वळसा घालून बऱ्यापैकी पोचतात. घरात एक काडी येत असेल तर कौलावर पाइप उभारून बाहेरचा अँटेना लावा आणि त्याची केबल ४जी राउटरला द्या. एवढ्यावर काम भागलेली घरं मी पाहिली आहेत. ग्रामपंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर आलंय का, आलं असेल तर चालू आहे का, हेही विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ही योजना २०११ साली मंजूर झाली आणि फायबर पंचायतीच्या कपाटापर्यंत पोचून तिथेच पडून राहिलंय अशी गावं कमी नाहीत. २०२३च्या सुधारित कार्यक्रमात देखभालीवर आणि एका जागी तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालणाऱ्या रिंगवर भर आहे, तो खरा उतरला तर फरक पडेल.

डिश घेतलीच तर इन्व्हर्टर धरूनच हिशोब करा. ती साधारण ७५ ते १०० वॅट खाते. पावसाळ्यात तालुक्यात वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, आणि मग फुल रेंजचं गावही मुकं होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं त्यानंतर रायगडच्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस नव्हते.

"सगळ्यांना सगळीकडे नेट" हे कधी होणार, असंही तुम्ही विचारलंय. रेंजच्या अर्थाने आपण बरेच जवळ आलोय. आयटीयूच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगात २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते, पण त्यातले बहुसंख्य मोबाइलच्या रेंजमध्ये राहणारे आहेत. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मला हेच दिसतं. रेंज आहे, घरात फोन एकच आहे, तो बाप्या माणसाबरोबर कामावर जातो आणि पोरगी अभ्यासाला रात्री आठनंतर मिळेल तेवढा वापरते. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांप्रमाणे २०१४ साली एका जीबीला अडीचशे रुपयांच्या वर पडायचे, ते २०१८पर्यंत बारा रुपयांच्या आत आले. ही खरोखर क्रांती होती. पण जुलै २०२४मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अशा घरांत दुसरं सिम आधी बंद पडलं. अशा ठिकाणी नवा टॉवर उभारून काही हलत नाही. शाळेत, पंचायतीत, एसटी स्टँडवर चालू स्थितीतलं वाय-फाय असलं तर हलेल. डिसेंबर २०२०मध्ये पीएम-वाणी योजना याच विचाराने मंजूर झाली होती. माझ्या मते आपण तिला सावत्र वागणूक दिली.

परत तुमच्या कमिटीकडे. डक्ट करताना प्रत्येक विंगमध्ये एकाऐवजी दोन पाइप टाकून घ्या, आणि कुठल्याही कंपनीला एकहाती हक्क लिहून देऊ नका. "फुकट करून देतो, पण दुसरा कोणी येणार नाही" असा प्रस्ताव हमखास येतो. तो नाकारा. इमारतीतल्या अँटेनांचंही तसंच: एकाच यंत्रणेवर सगळ्या कंपन्या चढू शकतील अशी तटस्थ व्यवस्था मागा. ट्रायने ऑक्टोबर २०२४मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचं मानांकन देण्याचे नियम केले, त्यातही सर्वांना समान प्रवेश हा मुद्दा आहे. सभेत ते दाखवता येईल. करारात वेगळं वीज मीटर, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी आणि उपकरणं काढून न्यायची मुदत, हे तिन्ही लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगवरून झालेली भांडणं मी रेडिएशनपेक्षा जास्त पाहिली आहेत. आणि भाड्याचा फार हव्यास धरू नका. गच्चीला अव्वाच्या सव्वा भाडं मागून कंपनीला पळवून लावणाऱ्या सोसायट्याच नंतर "आमच्याकडे रेंज का नाही" म्हणून पत्रं लिहितात.

रेडिएशनचा प्रश्न येणारच. भारताने १ सप्टेंबर २०१२पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लावली. जवळचा टॉवर कोणाचा, नियमात बसतो का, हे सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर बघता येतं. गच्चीवरचा अँटेना झोत समोर टाकतो, थेट खालच्या घरात फार थोडा उतरतो. उलट रेंज चांगली असली की कानाजवळचा फोन कमी ताकदीवर बोलतो.

सभेआधी एक काम करा. आरएसआरपी आणि एसआयएनआर दाखवणारी फुकट ॲप्स अँड्रॉइडवर मिळतात. हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत, पहाटे सहाला आणि रात्री नऊला, दोन्ही आकडे आणि वेग लिहून ठेवा. पहाटे पळतं आणि रात्री रांगतं, तर अडचण क्षमतेची. दोन्ही वेळा जोर भरपूर आणि एसआयएनआर पाचच्या खाली, तर तो कालवा. खिडकी बंद करताच आरएसआरपी २० डेसिबलने पडतो, तर काच. पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या मजल्यावरचे असे आकडे, खिडकीच्या दिशेसह, इथे टाकलेत तर कुठल्या विंगला अँटेना आधी हवेत आणि कुठल्या विंगला फायबरवरच भागेल, हे नेमकं सांगता येईल.